दिल्लीत अडवलेलं दार

लोकांना वाटतं, एस.टी.च्या कंडक्टरला फिरण्याचं काय कौतुक! कसलं काय! मी उभा जन्म सातारा-वडूज आणि सातारा-दहिवडी ह्या दोन रस्त्यांवर काढला. माझ्याकडून तिकीट घेऊन माणसं कुठं कुठं पोचली, आणि मी संध्याकाळी आपली परत डेपोत. निवृत्त झाले त्या दिवशीच ठरवलं, आता आपण खिडकीशी बसायचं आणि दुसऱ्या कुणी तरी घंटी मारायची.

पण दिल्लीचा हट्ट माझा नव्हता, वैनींचा होता. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वडूजच्या पुढं आमचं माहेर आहे. तिथल्या कोरडवाहू रानात त्या एकट्या बाजरी आणि मटकी करतात. माझा दादा पलटणीत होता. लग्नाला थोडी वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि उत्तरेकडं बर्फातल्या चौकीवर एक दिवस वरून बर्फाचा कडा आला. चौकीवरचे सगळेच गेले, त्यात दादाही गेला. वैनींना माहेरचे न्यायला आले होते. त्या म्हणाल्या, "रान कुणाच्या भरवशावर सोडू?" आणि राहिल्या त्या राहिल्याच.

दिल्लीत फौजेतल्या गेलेल्या जवानांचं मोठं स्मारक आहे, दगडावर एकेकाचं नाव कोरलंय, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून एकच घोर. ह्यांचं असंल का? पारावरच्या एका शहाण्यानं सांगून टाकलं होतं, "गोळी लागून गेलेल्यांची असत्यात. बर्फात गेलेल्यांची कुठली?" ते बोलणं वैनींच्या काळजात रुतलं. मी म्हटलं, "वैनी, मोबाईलवर बघू की, पोरं आत्ता सांगतील."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "नसलं तर हितं कळून काय करू? आन असलं तर फोनात हात कुठं लावू?"

मी तिकिटं काढली. दिवाळी झाली होती, बाजरी खळ्यावरून घरात आली होती. निघताना बघते तर वैनींच्या पिशवीत भाकरी, शेंगांची चटणी, ठेचा, अडकित्ता आणि फडक्यात गुंडाळलेली बाजरीची चार कणसं.

"ही कणसं कशाला?"

"असू द्या वो वन्सं, तुमास्नी काय जड होत्यात?"

रेल्वेचं काही सांगत नाही. रेल्वे ती रेल्वे. दिल्लीत आमच्या गावची लेक सुनंदा राहते, नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडं गेलेली. तिच्या घरी उतरलो. तिनं विचारलं, "आधी स्मारकाला जायचं ना?" तर वैनी म्हणाल्या, "ते शेवटाला. न्हाई घावलं तर बाकीची दिल्ली बघाया डोळं कुठनं आणू?"

कुतुब

सकाळी हवा धुरकट होती. उसाची पाचटं पेटवल्यावर आपल्याकडं संध्याकाळी दिसतं तसं. त्या धुरातून मिनार हळूहळू वर निघाला. पायथ्याशी जाऊन मान वर केली, तर माझ्या डोक्यावरचा पदर मागं पडला तरी टोक दिसेना. लाल दगड, त्याला खालपासून वरपर्यंत चुण्या, आणि मधे मधे अक्षरांचे पट्टेच्या पट्टे. आमच्याकडं मी यवतेश्वरचा डोंगर रोज बघायची, उंच म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण तो देवानं केलाय. हा माणसांनी दगडावर दगड ठेवून केला, ह्या विचारानं अंगावर काटा आला. मी तोंडात बोट घालून उभी.

वैनी मात्र वर बघतच नव्हत्या. त्या जवळ जाऊन कोरलेल्या अक्षरांवरून नजर फिरवत होत्या.

"वन्सं, ही कुणाची नावं?"

"नावं न्हाईत वैनी. कुराणातली वचनं हायती."

"किती सालाची?"

"सात-आठशे वरसं झाली असतील."

"आन आजून वाचाया येत्यात?"

"ज्याला येतंय त्याला येत्यात."

वैनी मग म्हणाल्या, "म्हंजी दगडावरलं टिकतंय म्हणायचं." आणि पुढं गेल्या.

अंगणात लोखंडाचा एक जाडजूड खांब आहे. इतकी शतकं उघड्यावर ऊन-पाऊस खातोय, पण गंजानं खाल्लेला नाही. वैनींनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं बाजारात खुरपं घेताना बघतात. "आमच्या लोहाराला हितं आणाया पायजे," म्हणाल्या. "त्याचं खुरपं एका मिरगाच्या पावसात लाल होतंय."

तिथंच शेजारी एक दरवाजा आहे. दरवाजा म्हणजे नुसतं दार नाही, चांगली चौकोनी इमारत. लाल दगडात पांढरा संगमरवर बसवलेला, कमानीच्या आतल्या कडेला कळ्यांची झालर कोरलेली, आणि जाळ्यांतून येणारं ऊन फरशीवर पडलेलं. इतकं देखणं दार मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला काय हुक्की आली कुणास ठाऊक. पुढं धावले, कमानीत आडवे हात पसरून उभी राहिले आणि म्हणाले, "नाव घ्या, मगच आत!"

वैनींचा चेहरा उतरला. मी जीभ चावली.

आता हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपल्याकडं नवरी पहिल्यांदा सासरी येते तेव्हा नणंद दार अडवते. नवरीनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, मग नणंद बाजूला होते, मग नवरी माप ओलांडून आत. दादाच्या लग्नात करवली मीच. परकर-पोलकं सोडून नुकती साडी नेसायला लागलेले, अंगात नुसतं वारं. दार अडवलं ते अडवलंच. वैनी माणातल्या, दहिवडीकडच्या, एवढ्याशा, मुंडावळ्यांच्या आड तोंड लपवलेलं. "माणदेशी माळावर..." एवढं म्हणाल्या आणि आवाजच फुटेना. सगळ्या बाया हसायला लागल्या तशा त्या थरथरायला लागल्या. आमचे वडील ओरडले, "सोड गं तिला, पोरगी घाबरलीया." मी दार सोडलं. दादा हसत म्हणाला, "असू द्या. म्होरल्या सुट्टीला घेईल."

मग ती आमच्या घरची चेष्टाच झाली. दादा सुट्टीवर आला की मी दारात उभी, आणि वैनी परड्याच्या बाजूनं पसार. दादाचं ठरलेलं, "म्होरल्या सुट्टीला." एका सुट्टीनंतर मात्र म्होरली सुट्टी आलीच नाही.

नाव घ्यायचं ते सवाष्णींनी. नंतर वैनींना हळदीकुंकवालाच कुणी बोलवेना, तिथं नाव घ्या कोण म्हणणार? जुन्या वळणाच्या त्या, एरवीही नाव तोंडाला नाही. पेन्शनच्या खिडकीवर नाव विचारलं की कागद पुढं सरकवतात. मला ह्यातलं सगळं माहीत होतं, आणि तरी मी दिल्लीला जाऊन हात पसरून उभी राहिले. कंडक्टरचं तोंड, दुसरं काय! वैनी माझ्या हाताखालून वाकून आत गेल्या आणि छताकडं बघत राहिल्या.

लाल किल्ला

तिथं जायला सरदारजींची रिक्षा मिळाली. माझी हिंदी एस.टी.तली. 'आगे सरको' आणि 'छुट्टा दो' ह्यांच्यापुढं जात नाही, तेवढ्यावर भागवलं. सुनंदानं डब्यात बटाट्याचे पराठे दिले होते. वाटेत थांबून खाताना वैनींनी सरदारजींना ठेचा दिला. मी म्हणत होते, सांभाळून. त्यांनी मिशीवर ताव देऊन बोटभर उचलला. नंतर बराच वेळ ते रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसते श्वास घेत होते. डोळे पुसत मला म्हणाले, "बहनजी, आपके यहाँ के लोग फौज में बहुत हैं ना? अब समझा."

किल्ल्याच्या दारात झडतीला अडकित्ता निघाला. शिपायाला ते हत्यार वाटलं. वैनींनी त्याच्यासमोर सुपारी कातरून दाखवली आणि त्यालाही दिली, तेव्हा कुठं हसला. सुपारी खाल्ली, अडकित्ता मात्र ठेवून घेतला. परत जाताना घ्या म्हणाला.

आम्ही सातारकर गाड्यांच्या काचेवर 'राजधानी सातारा' लिहून फिरणारी माणसं. आमचा अजिंक्यतारा डोंगरावर बसलाय, वर चढता चढताच शत्रूचा दम जायचा. हा किल्ला सपाटीवर! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल भिंत, संपता संपेना. वैनी म्हणाल्या, "सपाटीला किल्ला बांधायचा म्हंजी काळीज मोठं पायजे वन्सं. ज्याला यायचं त्यानं या म्हणायचं." आत संगमरवरी महालांमधून पाण्याचा पाट काढलेला होता. आता कोरडा आहे, पण त्या पाटाच्या कडेची फुलं, दगडात दगड बसवून केलेली, बोट फिरवलं असतं तर सांधा लागला नसता. बादशहाच्या माजघरातून पाणी वाहायचं. आमच्या खटावात पाटाला पाणी आलं तर अजून लोक नारळ फोडतात. वैनी त्या कोरड्या पाटाकडं खूप वेळ बघत बसल्या होत्या. "एवढ्या मोठ्या राजाचाबी पाट आटला म्हणा की," एवढंच म्हणाल्या.

तिथंही एका भिंतीवर सोनेरी अक्षरं होती. तिथंही त्यांनी विचारलं, "हितं काय लिवलंय?"

संग्रहालय

तिसऱ्या दिवशी दिल्लीतल्याच एका मोठ्या संग्रहालयात गेलो. मला वाटलं होतं वैनी कंटाळतील. झालं उलटंच. मी शिलालेखांपुढं जांभया देत होते आणि वैनींनी हजारो वर्षांपूर्वीच्या भांड्यांच्या दालनात काचेला नाक लावलं.

"आवं वन्सं! हिकडं या, हिकडं या! बेंदराची बैलं!"

खरंच. मातीची बैलं, मातीची चाकं, एवढीशी बैलगाडी. आमच्याकडं बेंदराला, बैलांच्या सणाला, कुंभार घरोघर देतो, अगदी तशीच वशिंडं. खाली लिहिलं होतं, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. मी मोठ्यांदा वाचलं आणि माझाच आवाज बदलला. त्या वेळी कुठल्या तरी आईनं लेकराच्या हातात हे बैल दिले असतील. ते लेकरू गेलं, ती आई गेली, ते गावसुद्धा मातीखाली गेलं. आणि बैल अजून शिंगं उगारून उभे. देवळात सुद्धा मला कधी असं भरून आलं नव्हतं.

पुढं ती काशाची नाचणारी पोरगी. इतकं नाव ऐकलेलं, मला वाटलं माणसाएवढी असेल. बघते तर वीतभरसुद्धा नाही. पण काय तोरा! कमरेवर हात, आणि दुसऱ्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्या. "लमाणाची हाय ही," वैनींनी निकाल दिला. "आपल्या ऊसतोडीला येत्यात त्यातली. कुणाचं ऐकायची न्हाई."

मग एका दालनात भगवान बुद्धांच्या अस्थी सोनेरी मंडपात ठेवलेल्या होत्या. एकदम शांत. परदेशी माणसं हात जोडून उभी. वैनींनी दाराशी चपला काढल्या, आत गेल्या, जमिनीला डोकं टेकवलं. आम्ही दुसऱ्या दारानं बाहेर आलो आणि चपला विसरलो. आठवण झाल्यावर परत गेलो, तर त्या चपलांभोवती दोन रखवालदार उभे! एक वाकून बघतोय, दुसरा फोन लावतोय. मी एस.टी.त जन्मभर 'बेवारस वस्तूस हात लावू नये' ह्या पाटीखाली उभी राहिले, आणि आमच्याच घरची वस्तू बेवारस निघावी! मी ओरडले, "हमारा है, हमारा है!" वैनी चपला पायात सरकवत म्हणाल्या, "बेवारस कशानं? मी हाय की जित्ती."

 त्या रात्री वैनींच्या ताटात सुनंदानं वाढलेला भात तसाच राहिला. उद्या स्मारक होतं.

शेवटचा दिवस

सरदारजींनी आम्हाला इंडिया गेटपाशी सोडलं. एवढी उंच कमान आणि तिच्यावर नावंच नावं. वैनींनी ते पाहिलं मात्र, पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढं निघाल्या. मी मागं. त्या मान वर करून एकेका ओळीवर बोट धरायला लागल्या, वाचता येत नसताना. मी म्हटलं, "वैनी, ही लय जुनी नावं. इंग्रजाच्या टायमाला परमुलखात लढाया गेलेल्यांची. आपलं म्होरं हाय."

"इतकी माणसं?" त्या म्हणाल्या. "आन ह्यांच्या बायका हितं आल्या आसत्याल का कवा?"

मी पिशवी परत त्यांच्या खांद्याला अडकवली आणि पुढची वाट धरली.

स्मारक मागंच आहे. बाहेरून फारसं काही दिसत नाही, कारण ते जमिनीच्या पातळीला, गोल गोल रिंगणांत आहे. आत उतरलं की मधोमध दगडी खांब आणि त्याच्या पायाशी जळती ज्योत. त्याच्याभोवती ग्रॅनाइटच्या भिंती, रिंगणामागं रिंगण, आणि त्या भिंतींची एकेक वीट म्हणजे एकेक माणूस. सोनेरी अक्षरांत नाव आणि पलटण. कुतुब उंच होता, लाल किल्ला लांबलचक होता, पण माझे पाय जर कुठं जागच्या जागी खिळले तर इथं. एस.टी. भरली की मी नजरेनं डोकी मोजायची, ती सवय जात नाही. इथं मोजायला सुरुवात केली आणि पहिल्याच भिंतीला सोडून दिली. गर्दी होती, पोरंटोरं होती, तरी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

नाव शोधायला तिथं टीव्हीसारखे पडदे लावलेत. एक जवान मदतीला उभा होता. कोवळाच होता. त्यानं वैनींना विचारलं, "माताजी, नाम बताइए."

वैनींनी माझ्याकडं पाहिलं. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली. माझा भाऊ तो, मला नाव घ्यायला कुणाची बंदी? जवानानं टाइप केलं. पडद्यावर काही तरी गोल फिरायला लागलं. वैनींनी माझं मनगट धरलं. रानात काम केलेला हात, माझ्या बांगड्या रुतल्या. त्या पडद्याकडं बघत नव्हत्या, जवानाच्या तोंडाकडं बघत होत्या. मीही देवाचं नाव घेत होते. पारावरचा तो शहाणा मला आठवत होता, आणि मनातल्या मनात मी त्याला माझ्या गाडीतून भर माळावर उतरवत होते.

जवान सरळ उभा राहिला. "मिल गए, माताजी."

"काय म्हनतोय?"

"हाय, वैनी. दादा हाय."

"नीट इचारा. बर्फातलं हायती म्हनावं."

मी विचारलं. त्यानं सांगितलं की कर्तव्यावर गेलेले सगळे इथं आहेत, बर्फातले पण. मी ते मराठीत सांगायला गेले आणि मलाच रडू कोसळलं. भर गर्दीत, पदर तोंडाला लावून, लहान पोरीसारखी रडले. वैनी रडल्या नाहीत. त्यांनी जवानाच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याची टोपी जरा वाकडी झाली. त्यानं कुठलं रिंगण, कुठली भिंत ते दाखवलं.

आम्ही निघालो. भिंतींच्या मधून वाट जाते, आणि त्या रिंगणात शिरायला दोन भिंतींच्या मधे मोकळी जागा आहे. तिथून आत, डाव्या हाताला, दादाचं नाव. मी पुढं होते. मागं वळले तर वैनी बाहेरच थांबलेल्या.

"या की वैनी. हितंच हाय."

"वन्सं," त्या म्हणाल्या, "दार अडवा की."

मला कळेना. "काय?"

"त्या दिशी अडवलं हुतं, तसं. कुतुबाला बी तुमी अडवलं, पर तितं कुणाचं घर हुतं? हितं अडवा. मला नाव घ्यायचंय."

मी दोन भिंतींच्या मधे उभी राहिले आणि हात पसरले. हात पुरत नव्हते. वैनींच्या मागून एक कुटुंब आत यायला बघत होतं. मी म्हटलं, "थोडा रुको, भाईसाब." काय दिसलं त्यांना कुणास ठाऊक, ते थांबले.

वैनींनी चपला काढून बाजूला ठेवल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढला. पिशवीतलं फडकं सोडून बाजरीची ती चार कणसं दोन्ही हातांत धरली. मान खाली. ओठ हलले, पण आवाज फुटेना. मला वाटलं, आजही नाही. मी तशीच उभी राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून आत बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"माणदेशी माळावर बाजरीची कणसं,
हणमंतरावांचं नाव घेते, दार सोडा वन्सं."

मी हात खाली घेतले आणि बाजूला झाले. वैनी उजवं पाऊल पुढं टाकून आत गेल्या.